विज्ञानकथेतील वास्तव आणि अद्भुत : ‘शक्यते’च्या निकषाची फेरतपासणी

१

विज्ञानकथेची चर्चा मराठीत सुरू झाली की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : कथेत जे घडते ते विज्ञानाला धरून आहे काय? उत्तर होकारार्थी आले तर ती ‘खरी’ विज्ञानकथा. नकारार्थी आले तर ती अद्भुतकथा, परीकथा किंवा निव्वळ कल्पनाविलास. वास्तव आणि अद्भुत यांच्यामधील सीमारेषा अशा रीतीने प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर आखली जाते आणि तिची राखण करण्याचे काम शास्त्रज्ञाकडे सोपवले जाते. प्रस्तुत निबंधात या निकषाची फेरतपासणी करावयाची आहे. सोयीसाठी त्याला ‘शक्यतेचा निकष’ असे म्हणू.

या तपासणीचे निमित्त वर्गातील आहे. निरनिराळ्या मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांपुढे जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा मी शिकवत होतो. कथानायक एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतो, की जेथे पानिपतची तिसरी लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. भौतिकशास्त्र सोडून साहित्याकडे वळलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, “माणूस असा दुसऱ्या विश्वात जाऊन परत येतो, असे कोणतेही विज्ञान सांगत नाही. मग हिला विज्ञानकथा का म्हणायचे? आणि लेखक शास्त्रज्ञ नसता, तर आपण म्हटले असते का?” त्या तासाला मी दिलेले उत्तर माझे मलाच पटले नाही. हा निबंध त्या दोन प्रश्नांचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

२

शक्यतेच्या निकषाला मोठी परंपरा आहे. ज्यूल व्हर्न याने १९०३ साली दिलेल्या एका मुलाखतीत एच. जी. वेल्सशी आपली तुलना करण्यास हरकत घेतली होती. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की आपण पदार्थविज्ञानाचा उपयोग करतो, वेल्स मात्र शोध मनाने रचतो. आपली माणसे तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे जातात; वेल्सची माणसे गुरुत्वाकर्षण नाहीसे करणाऱ्या पदार्थाच्या यानातून जातात. असा पदार्थ असेल तर त्याने तो दाखवावा. वास्तव आणि अद्भुत यांच्यातील वाद विज्ञानकथेच्या प्रांतात इतक्या स्पष्टपणे प्रथमच मांडला गेला असावा, आणि आजही तो बहुतेक त्याच शब्दांत मांडला जातो.

परंतु व्हर्नने मागितलेला पुरावा स्वतः व्हर्नकडेच मागितला तर काय होते? १८६५ सालच्या त्याच्या कादंबरीत फ्लोरिडामध्ये रोवलेल्या तोफेची लांबी ९०० फूट आहे आणि गोळ्याचा आरंभीचा वेग सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर, एवढा धरलेला आहे. इतक्या आखूड नळीत इतका वेग गाठावयाचा तर गुरुत्वत्वरणाच्या वीस हजार पटींहून अधिक त्वरण लागेल. आतील प्रवाशांचा त्या क्षणीच चेंदामेंदा होईल. धक्का शोषून घेण्यासाठी व्हर्नने योजलेले पाणी त्यांना वाचवू शकणार नाही. वेल्सचे ‘कॅव्होराइट’ जितके अशक्य, तितकाच व्हर्नचा हा प्रवास अशक्य आहे. फरक एवढाच, की व्हर्नची अशक्यता आकड्यांच्या पोशाखात येते.

असे असूनही व्हर्नची कादंबरी वाचनीय राहते. फ्लोरिडातून पुढे १९६९ मध्ये खरोखरच माणसे चंद्राकडे निघाली, या योगायोगाचे कौतुक पुष्कळ झाले आहे; पण भाकीत खरे ठरल्याने कादंबरी मोठी होत नाही. तिचे बळ बाल्टिमोरच्या ‘गन क्लब’मध्ये आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध संपले आहे. तोफा ओतणारे हे सद्गृहस्थ बेकार होऊन बसले आहेत. कोणाला हात नाही, कोणाला पाय नाही, कोणाची कवटी रबरासारख्या पदार्थाची. व्हर्न त्यांची हातापायांची सरासरीही काढून दाखवतो. शांतता असह्य झालेल्या या तोफवाल्यांना आता निशाणासाठी चंद्र हवा आहे. चंद्रप्रवासाची महत्त्वाकांक्षा युद्धाच्या कारखान्यातून येते, हे कादंबरीतील खरे वास्तव होय. ते तोफेच्या लांबीवर अवलंबून नाही.

वेल्सच्या १९०१ सालच्या कादंबरीतही हेच दिसते. गुरुत्वाकर्षण अडवणारा पडदा ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाशी विसंगत आहे; त्याच्या आधारे फुकट आणि अखंड ऊर्जा मिळवता येईल. पण हा पदार्थ प्रथम तयार होतो कसा? भट्टीत कोळसा घालणे कोणाचे काम, यावरून कॅव्हरच्या तीन मदतनिसांत भांडण जुंपते. सुतार म्हणतो, कोळसा जमिनीतून खणून काढतात, तेव्हा ते माळीकाम. माळी म्हणतो, कोळसा हा धातूच्या खनिजासारखा, शिवाय मी येथे स्वयंपाकी आहे. तिसरा म्हणतो, कोळसा म्हणजे मुळात लाकूडच, तेव्हा ते काम सुताराचेच. या भांडणात भट्टीकडे कोणाचेच लक्ष राहत नाही आणि युगप्रवर्तक पदार्थ अवेळी तयार होऊन घराचे छप्पर उडवून देतो. कर्जात बुडालेला निवेदक बेडफर्ड या पदार्थाविषयी ऐकताच त्याच्या कंपन्या आणि मक्तेदारी यांची स्वप्ने पाहू लागतो. शोध खोटा आहे. पण शोधाभोवती जमणारी माणसे, त्यांचे वर्गभेद, त्यांची हाव खरी आहे.

वेल्सने १९३०च्या दशकात आपल्या निवडक कादंबऱ्यांच्या संग्रहाला लिहिलेल्या प्रस्तावनेत ही रीत उलगडून सांगितली आहे. तिचे तात्पर्य असे : अशक्य गृहीत एकच असावे, बाकी सर्व रोजच्या व्यवहारासारखे असावे. काहीही घडू शकते असे एकदा ठरले, की कशातच रस उरत नाही.

३

हा विचार आपल्याला परका नाही. शक्य परंतु न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य परंतु पटणारी घटना कवीने पत्करावी, हे ॲरिस्टॉटलचे मत सर्वपरिचित आहे. त्याहून सूक्ष्म विवेचन आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात केले आहे. निव्वळ मानव असलेल्या राजाने सात समुद्र ओलांडल्याचे वर्णन कितीही सुंदर केले तरी ते नीरस होते, असे तो म्हणतो. देवांच्या बाबतीत तेच वर्णन खटकत नाही. दोष समुद्र ओलांडण्याच्या अशक्यतेत नाही. ज्या पात्राच्या ठिकाणी ते सामर्थ्य योजले आहे, त्याच्याशी ते जुळत नाही, हा दोष आहे. आनंदवर्धनाच्या मते अनौचित्याखेरीज रसभंगाचे अन्य कारण नाही. विस्मय हा अद्भुतरसाचा स्थायी भाव. तो टिकवावयाचा असेल तर अद्भुताने आपल्या परिसराशी प्रमाण राखले पाहिजे. हे तत्त्व विज्ञानकथेच्या समीक्षेत वापरले गेले असते, तर व्हर्न आणि वेल्स यांचा वाद आपण उसना घेतला नसता.

तो आपण घेतला, त्याची कारणे मराठी कादंबरीच्या इतिहासात सापडतात. १८६८ साली ‘मंजुघोषा’ ही कादंबरी लिहिताना नारो सदाशिव रिसबूड यांनी प्रस्तावनेत कबुली दिली आहे, की आपल्या समाजाच्या नित्याच्या जीवनात चित्तवेधक असे फारसे काही नसल्यामुळे लेखकाला अद्भुताकडे वळणे भाग पडते. अद्भुत ही त्या पिढीची निकड होती. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’सारख्या कादंबरीतून दाखवून दिले, की त्याच नित्याच्या जीवनात, एका विधवेच्या माजघरात, हेलावून टाकणारे पुष्कळ काही आहे. तो विजय योग्यच होता. पण तेव्हापासून अद्भुताला मराठी गद्यात प्रौढांच्या पंक्तीत पाट मिळेनासा झाला. ते बालवाङ्मयात किंवा रहस्यकथेत राहू लागले. पुढे विज्ञानकथा आली तेव्हा अद्भुताला प्रतिष्ठित साहित्यात शिरण्यासाठी एक परवाना मिळाला, आणि त्या परवान्यावर विज्ञानाची मोहोर आवश्यक मानली गेली. म्हणजे शक्यतेचा निकष विज्ञानाच्या आग्रहातून जितका आला, तितकाच तो वास्तववादाच्या प्रतिष्ठेतूनही आला. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने कथास्पर्धांमधून या प्रकाराला बळ दिले, हे तिचे ऋण मोठेच आहे. विज्ञानप्रसार हे उद्दिष्ट असलेल्या संस्थेने विज्ञानाच्या अचूकतेचा आग्रह धरावा, हेही स्वाभाविक आहे. तोच आग्रह साहित्यसमीक्षेने आपला मुख्य मानदंड म्हणून स्वीकारावा, हे मात्र स्वाभाविक नाही.

पाश्चात्त्य समीक्षेतही हा गोंधळ आढळतो. त्झ्वेतान तोदोरोव्ह याने १९७० मध्ये विज्ञानकथेला अद्भुताचाच एक पोटप्रकार मानले. डार्को सुविन याने १९७०च्या दशकात तिची व्याख्या करताना दोन गोष्टी एकत्र बांधल्या : परिचित जग अपरिचित करून दाखवणे आणि त्या अपरिचिताला बोधाची शिस्त असणे. यातील ‘बोध’ या पदाचा अर्थ अनेकदा ‘सिद्ध विज्ञान’ असा घेतला जातो. वस्तुतः तेथे विज्ञानाच्या निष्कर्षांपेक्षा विचारपद्धती महत्त्वाची आहे : गृहीत मांडणे, त्याचे परिणाम क्रमाने काढणे आणि मध्येच गृहीत न बदलणे. माझ्या मते विज्ञानकथेचे वास्तव येथे आहे. जमाखर्चाची उपमा वापरावयाची तर, कथेने एका अशक्यतेचे कर्ज काढावे आणि उरलेल्या पानांत त्याची पै न् पै फेडावी. फेड माणसांच्या व्यवहारातून, समाजाच्या रचनेतून, पात्रांना सोसाव्या लागणाऱ्या परिणामांतून झाली पाहिजे. संकट आले की नवे यंत्र निघते, अशी कथा कर्जावर कर्ज काढत जाते. तिच्यातील प्रत्येक यंत्र विज्ञानदृष्ट्या शक्य असले तरी ती परीकथेहून निराळी नसते.

४

हा विचार भारतीय भाषांतील दोन कथांवर तपासून पाहू. दोन्हींचे लेखक मान्यवर शास्त्रज्ञ आहेत, आणि दोघांनीही शक्यतेचा निकष मोडला आहे.

पहिली कथा बंगालीतील. प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९६ साली ‘निरुद्देशेर काहिनी’ ही कथा लिहिली. ‘कुंतलीन’ या केशतेलाच्या उत्पादकाने ठेवलेल्या कथास्पर्धेत तिला पारितोषिक मिळाले. पुढे १९२१ साली ‘अव्यक्त’ या संग्रहात ती ‘पलातक तुफान’ या नावाने, सुधारित रूपात समाविष्ट झाली. हवामान खात्याने वर्तवलेले भयंकर वादळ कोलकात्यावर येतच नाही. वृत्तपत्रांत चर्चा झडतात, विद्वान सिद्धांत मांडतात. खरी हकिकत निवेदकालाच ठाऊक असते. समुद्रप्रवासात जहाज वादळात सापडले असता त्याने मुलीने बरोबर दिलेली केशतेलाची बाटली लाटांवर ओतली आणि समुद्र शांत झाला.

तेलाचा पातळ थर पाण्यावरील तरंग शमवतो, हे खरे आहे. बेंजामिन फ्रँकलिनने तळ्यावर केलेले याविषयीचे प्रयोग १७७४ साली प्रसिद्ध झाले होते. परंतु तळ्यातील तरंग आणि चक्रीवादळ यांत जे अंतर आहे, ते बोसांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. त्यांनी प्रमाण जाणूनबुजून बिघडवले आहे. गृहीत अतिशयोक्त, त्याच्याभोवतीचे सारे चित्र मात्र वास्तव. वसाहतकालीन कोलकात्यात ज्ञान म्हणजे खाते, तार, वृत्तपत्र आणि परदेशी विद्वानाचे मत. या सर्व व्यवस्थेच्या नजरेतून जे सुटते, ते एका घरगुती बाटलीत असते. कोणाचे सांगणे ज्ञान म्हणून मोजायचे, हा कथेचा विषय आहे. लेखक स्वतः त्या व्यवस्थेत स्थान मिळवण्यासाठी झगडणारा भारतीय शास्त्रज्ञ होता, हे लक्षात घेतले म्हणजे विनोदाखालची धार जाणवते. तेलाने वादळ थांबते काय, असे विचारणारा वाचक नेमका या धारेला मुकतो.

५

दुसरी कथा ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले, हा इतिहास. कथेतील दुसऱ्या जगात ती गोळी त्यांच्या कानाजवळून निघून जाते. अशक्य गृहीत येथे दोन पदरी आहे : इतिहासाला असा फाटा फुटला, आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका फाट्यावरून दुसऱ्यावर जाऊन परत आले. शेवटी राजेंद्र देशपांडे पुंजसिद्धांतातील अनिश्चितता आणि ‘कॅटास्ट्रॉफी’ सिद्धांत यांचा आधार घेऊन उलगडा करतात. पण तो उलगडा स्वतःच तर्काच्या पातळीवर राहतो. इलेक्ट्रॉनविषयीचे विधान जिवंत प्राध्यापकाला लागू करणे ही लेखकाने घेतलेली मुभा आहे. माझ्या विद्यार्थ्याचा आक्षेप या मर्यादेत बिनतोड होता.

परंतु कथेचे वास्तव त्या उलगड्यात शोधावयाचे नाही. ते प्रथम रेल्वेगाडीत आहे. ‘जिजामाता एक्स्प्रेस’ पुण्याहून मुंबईला जाते आणि वाटेत ब्रिटिश हद्द लागते, कारण या जगात इंग्रज मुंबईसारख्या मोजक्या ठिकाणांपुरतेच उरले आहेत. पराक्रमाची वर्णने न करता लेखक प्रवासातील तपासणी दाखवतो. मराठ्यांच्या यशाचे कारणही त्याने केवळ तलवारीत ठेवलेले नाही. युरोपात उगवणारे तंत्रयुग ओळखून पेशव्यांनी स्वतःची विज्ञानकेंद्रे उभारली, हे त्याने नोंदवले आहे. गोळी चुकणे हा योगायोग. पण योगायोगानंतर दोनशे वर्षे टिकण्यासाठी काय करावे लागले असते, याचा हिशेब कथा देते. त्यामुळे ही कथा जिंकल्याच्या स्वप्नात रमत नाही; हरलेल्या समाजाला ती त्याच्या उणिवांची यादी देते.

दुसरे वास्तव पद्धतीचे आहे. नव्या जगात सापडलेला हा प्राध्यापक प्रथम ग्रंथालय गाठतो. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात तो इतिहासाचे खंड चाळत मागे मागे जातो आणि आपला इतिहास व हा इतिहास कोठे वेगळा झाला ते पान शोधून काढतो. शेवटी त्याच्या अनुभवाला एकच पुरावा उरतो : ‘भाऊसाहेबांच्या बखरी’चे खिशात राहिलेले एक पान. अस्सल कागदावाचून काही न मानणाऱ्या इतिहासकाराला अद्भुत भेटते तेही कागदाच्या रूपात. आनंदवर्धनाच्या परिभाषेत हे औचित्य होय. गंगाधरपंतांच्या ठिकाणी दुसरा कोणताही पुरावा शोभला नसता.

तिसरे वास्तव भाषेचे आहे, आणि तौलनिक अभ्यासकाने तिकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. मराठीत ‘पानिपत’ हे केवळ स्थलनाम नाही. ‘पानिपत होणे’ म्हणजे धुव्वा उडणे. ‘विश्वास पानिपतावर गेला’ असे आपण कोणावरचा भरवसा उडाल्यावर म्हणतो. ‘संक्रांत येणे’ या प्रयोगाशीही मराठी मनाने त्या दिवसाची आठवण जोडलेली आहे. विश्वासराव वाचले त्या जगात या प्रयोगांना अर्थच उरणार नाही. म्हणजे कथेतील गृहीत केवळ राज्ये बदलत नाही, वाचकाच्या तोंडातील शब्द काढून घेते. शीर्षकात तर हा श्लेष उघड आहे. पानिपत जिंकलेल्या जगात गंगाधरपंतांचे मात्र पानिपत होते : आझाद मैदानावरील सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून हे सराईत अध्यक्ष तिच्यावर जाऊन बसतात, आणि अध्यक्षीय भाषणांना विटलेला श्रोतृवर्ग त्यांना उधळून लावतो. हीच कथा इंग्रजीत ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने अकरावीच्या पाठ्यपुस्तकातून देशभर वाचली जाते. कथानक, गाडी, ग्रंथालय, सिद्धांत सर्व काही तेथे पोहोचते. पानिपत हा शब्द मात्र लढाईपुरताच उरतो. माझ्या वर्गातील आक्षेपाचे एक कारण हेही असावे. भाषेतील वास्तव गळून पडले, की हाती उरलेल्या सिद्धांतावरच कथेचा सारा भार पडतो आणि तो त्याला पेलत नाही.

६

याचा अर्थ विज्ञानकथेत विज्ञानाची चूक क्षम्य आहे, असा नाही. कथेने स्वतः जे वचन दिले असेल, त्याची वसुली वाचकाने अवश्य करावी. व्हर्न आकडे देतो, म्हणून त्याचे गणित तपासणे न्याय्य ठरते. वेल्स गणित देत नाही. त्याच्याकडे मागावयाचे ते त्याच्या एका गृहीताशी प्रामाणिक राहणे. बोस अतिशयोक्तीचा करार करतात, नारळीकर तर्काचा. वास्तव आणि अद्भुत हे विज्ञानकथेचे दोन प्रकार नव्हेत. प्रत्येक विज्ञानकथेत ते ऋणको आणि धनको म्हणून समोरासमोर बसलेले असतात. समीक्षेचे काम त्यांच्यातील व्यवहार पुरा झाला की नाही हे पाहण्याचे आहे, आणि ते साहित्याच्या अभ्यासकाला शास्त्रज्ञावर सोपवून मोकळे होता येत नाही.

ही गोष्ट केवळ पारिभाषिक नाही. मराठी विज्ञानकथेला वाचक मिळाले, पारितोषिके मिळाली. नाशिक येथील २०२१च्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही विज्ञानकथाकाराला मिळाले. पण तिच्या रचनेचा, निवेदनाचा, भाषेचा बारकाईने विचार करणारी समीक्षा त्या मानाने फार थोडी झाली. विज्ञान बरोबर असल्याचा दाखला मिळाला, की वाचन संपले असे आपण मानत आलो.

राहिला विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न. लेखक शास्त्रज्ञ नसता, तर आपण या कथेला विज्ञानकथा म्हटले असते काय? हा प्रश्न खुद्द लेखकाने अगदी आरंभीच आपल्या वाचकांना घातला होता. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवताना जयंत विष्णु नारळीकर यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव धारण केले. परीक्षकांपुढे केंब्रिजचा खगोलशास्त्रज्ञ नव्हता. कोणी एक जगताप होता आणि त्याची कथा होती. त्या कथेला पारितोषिक मिळाले. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे पुण्यात निधन झाले, तेव्हा मला प्रथम आठवले ते हे टोपणनाव. आपले लेखन आपल्या विज्ञानातील अधिकाराशिवाय वाचले जावे, अशी त्यामागील अपेक्षा होती. त्या परीक्षकांनी ती एकदा पुरी केली. जगतापांच्या उरलेल्या कथा तशा वाचण्याचे काम आता साहित्याच्या अभ्यासकांचे आहे.